देवरुखजवळ कातळावर घर, विजांच्या दिवसांत उपकरणं उडतात: सर्ज प्रोटेक्शन कोणतं आणि कुठून घ्यावं?

कातळावरचं_घर

नमस्कार मंडळी. आमचं घर देवरुखपासून थोडं आत, सड्यावर आहे. भोवती कातळ, थोडी कलमं, आणि खांबावरून घरापर्यंत लांबलचक सर्व्हिस वायर. कनेक्शन सिंगल फेज. गेल्या ऑक्टोबरात परतीच्या पावसात समोरच्या सड्यावर वीज पडली. घरावर नाही, तरी टीव्ही, राउटर आणि गच्चीतल्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर एका दमात गेले. फ्रिज आणि पंप सुखरूप.

त्याआधी मे महिन्यात वेगळाच प्रकार झाला होता. वारा होता, वीज कडाडली नव्हती. संध्याकाळी दिवे अचानक लख्ख झाले, पंखे घोंघावायला लागले, आणि त्याच वेळी शेजारच्या घरातले दिवे मात्र मिणमिणत होते. सासूबाईंनी धावत जाऊन मेन बंद केला, तरी इन्व्हर्टर आणि बरेचसे एलईडी दिवे गेलेच.

आता तीन माणसांचे तीन सल्ले आहेत. गावातला वायरमन म्हणतो सगळीकडे स्पाइक गार्ड लावा. दुकानदार म्हणतो मोठा स्टॅबिलायझर घ्या. भावाने ऑनलाइन एक एसपीडी (सर्ज, म्हणजे विजेचा क्षणिक धक्का, अडवणारं उपकरण) शोधलाय, त्यावर ‘४० केए’ (किलोअँपिअर) लिहिलंय आणि किंमत ओळखीच्या कंपन्यांच्या निम्म्याहून कमी आहे. शिवाय दिवाळीआधी छतावर ३ किलोवॅटचं सोलर बसणार आहे. माझी समजायची तयारी आहे, पण सुरुवात कुठून करू? आणि खात्रीचा माल कुठे मिळेल?

चिपळूणचा_वायरिंगवाला

ताई, तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांची औषधं वेगळी आहेत. ते आधी सुटे करू.

मे महिन्यातलं जे वर्णन तुम्ही केलंय, ते न्यूट्रल तुटल्याचं किंवा सैल झाल्याचं चोख लक्षण आहे. एकाच डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) वेगवेगळ्या फेजवर घरं असतात आणि न्यूट्रल सगळ्यांचा सामाईक. तो डीपीवर किंवा वाटेत सुटला की ज्या फेजवर लोड कमी त्या घरात व्होल्टेज चढतं, ज्यावर जास्त तिथे पडतं. म्हणून तुमचे दिवे लख्ख आणि शेजाऱ्यांचे मंद. २३० च्या जागी जवळजवळ ४०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतं, आणि ते मिनिटंच्या मिनिटं टिकतं. यावर एसपीडी काहीही करू शकत नाही. एसपीडी मायक्रोसेकंदांच्या धक्क्यासाठी असतो. टिकून राहिलेल्या चढ्या व्होल्टेजवर त्याच्या आतला व्हॅरिस्टर (व्होल्टेज फार चढलं की प्रवाहाला वाट करून देणारा भाग) तापतो आणि स्वतःच बाद होतो. या आजाराला लागतो ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. डीबीत (घरातल्या स्विचच्या मुख्य पेटीत) एमसीबीशेजारी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या खटक्याशेजारी) पट्टीवर बसतो, वरची मर्यादा २७० च्या आसपास लावायची, व्होल्टेज बिघडलं की घर तोडतो आणि नीट झालं की थोडं थांबून स्वतः जोडतो. तुमच्या मेनच्या अँपिअरपेक्षा कमी रेटिंगचा घेऊ नका. सासूबाईंना पुन्हा धावायला लागणार नाही.

ऑक्टोबरचा प्रकार मात्र खरा सर्ज. वीज घरावर पडायला लागत नाही. जवळपास पडली की उघड्या लाइनवर आणि लांब केबलवर दाब उभा राहतो, आणि तो तुमच्या घरात शिरून जमिनीकडे वाट शोधतो. इथे एसपीडीचं काम.

स्टॅबिलायझरचा रिले किंवा सर्व्हो या वेगाला पुरा पडत नाही. तो कमी व्होल्टेजवर फ्रिज चालवायला ठीक.

आता एसपीडी कोणता. तुमची लाइन वरून उघडी येते, घर सड्यावर उघडं, त्यामुळे मी मेनला टाइप १+२ घ्या म्हणेन. टाइप १ ची चाचणी १०/३५० मायक्रोसेकंदाच्या लाटेवर (पहिला आकडा धक्का चढायचा, दुसरा निम्म्यावर ओसरायचा वेळ) होते, म्हणजे विजेच्या थेट प्रवाहाचा वाटा झेलण्यासाठी. टाइप २ ची ८/२० वर. साध्या, गजबजलेल्या वस्तीतल्या घराला टाइप २ पुरतो. बजेट अगदीच आखडलं तर तुम्हीही टाइप २ लावा, काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं.

डबीवर चार आकडे वाचायचे. यूसी म्हणजे सतत सहन होणारं व्होल्टेज: २७५ चा मिळतो, पण आपल्या खेड्यातल्या लाइनला ३२० चा घ्या. यूपी म्हणजे धक्क्याच्या वेळी किती व्होल्ट पुढे जाऊ देतो: १.५ केव्ही (दीड हजार व्होल्ट) किंवा कमी. आयएन म्हणजे वारंवार झेलायची क्षमता: २० केए चांगली. आयमॅक्स हा एकदाचा कमाल आकडा, ४० केए. टाइप १+२ असेल तर आयइम्प हाही आकडा दिलेला असतो, साधारण १२.५ केए. स्वस्त मालावर फक्त आयमॅक्स मोठ्या अक्षरात छापतात आणि बाकीचं गाळतात. तुमच्या भावाने पाहिलेल्या डबीवर यूपी आणि आयएन आहेत का बघा. नसतील तर तो विषय तिथेच संपवा.

आणखी एक गोष्ट, ही दुकानात कोणी सांगत नाही. आपल्याकडे घराचं अर्थिंग आपलं स्वतःचं असतं, डीपीच्या न्यूट्रलशी जोडलेलं नसतं. अशा ठिकाणी ‘१+१’ रचनेचा एसपीडी घ्यायचा: फेज-न्यूट्रलमध्ये व्हॅरिस्टर आणि न्यूट्रल-अर्थमध्ये गॅस ट्यूब. फेजपासून थेट अर्थला व्हॅरिस्टर लावला आणि तो म्हातारा होऊन गळायला लागला, तर तुमच्या अर्थिंगच्या वायरीवर, म्हणजे फ्रिजच्या पत्र्यावर, व्होल्टेज येऊ शकतं, आणि कातळातलं अर्थिंग कमजोर असल्याने एमसीबी पडणारही नाही. आरसीसीबी (गळतीचा प्रवाह दिसताच वीज तोडणारा खटका) असेल तर एसपीडी त्याच्या आधी, मेनच्या लगेच नंतर. आरसीसीबी नसेल तर या निमित्ताने ३० मिलिअँपिअरचा बसवून घ्या. हे मी हात जोडून सांगतो. माणूस उपकरणाआधी.

बुधवारपेठेतला_सोल्डर

मी पुण्यात टीव्ही आणि पॉवर सप्लाय दुरुस्त करतो, त्यामुळे स्पाइक गार्डविषयी लिहितो. स्पाइक गार्ड नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त पट्ट्या उघडल्या की आत बहुतेक वेळा नुसता पत्रा, खटका आणि एक निऑन दिवा निघतो. ज्यांत व्हॅरिस्टर असतो त्यांत ७ किंवा १० मिमीची बारीक चकती. ती एका मोठ्या धक्क्यात फुटते आणि त्यानंतर पट्टी नुसतं एक्स्टेन्शन बोर्ड म्हणून चालत राहते. घरात कोणालाच कळत नाही.

चांगल्या पट्टीत २० मिमीच्या चकत्या आणि थर्मल फ्यूज असतो, आणि संरक्षण संपलं की विझणारा वेगळा दिवा. चकतीवर २०डी४७१ असं लिहिलेलं असेल तर व्यास २० मिमी, ४७० व्होल्टला ती प्रवाह सोडायला लागते, आणि सतत ३०० व्होल्ट एसी सहन करते. २०डी५११ असेल तर ३२०. खेड्यात मी दुसरी वापरतो. सुटे व्हॅरिस्टर घ्यायचे तर टीडीके-एप्कॉस किंवा लिटेलफ्यूजचे, आणि तेही एलिमेंट१४, माऊसर यांसारख्या अधिकृत वितरकाकडून. पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भाग ढिगाने मिळतात, मीही तिथूनच घेतो, पण रेझिस्टर आणि कनेक्टर. व्हॅरिस्टर चांगला की वाईट हे मल्टिमीटरवर कळत नाही, म्हणून तो भाग मी सुट्या बाजारातून घेत नाही.

ताई, रेकॉर्डर गेला आणि फ्रिज वाचला हे मला महत्त्वाचं वाटतं. कॅमेऱ्यांच्या केबल गच्चीतून येतात ना? धक्का बहुधा त्या वाटेने आला असावा. राउटरला जाणारं नेट फायबरचं आहे की तांब्याच्या केबलचं?

कातळावरचं_घर

नेट फायबरचं आहे. पण कॅमेऱ्याच्या तांब्याच्या केबल गच्चीवरून उघड्या खाली आल्यात, रेकॉर्डर राउटरला लॅन वायरने जोडलेला आणि टीव्हीला एचडीएमआयने. म्हणजे तिघेही एका साखळीत होते! हे लक्षातच आलं नव्हतं.

अर्थिंगचं विचारायचं राहिलं. घर बांधताना एक खड्डा केला होता, पाइप टाकून मीठ-कोळसा. त्याला बरीच वर्षं झाली.

लातूरचा_इलेक्ट्रिशियन

आमच्याकडे विजांचं प्रमाण फार, त्यामुळे अनुभवावरून सांगतो: विजेच्या संरक्षणाचं अर्थिंग पूर्ण वेगळं ठेवा, घराच्या अर्थिंगला अजिबात जोडू नका. सोलरवालेही तीन वेगळे खड्डे करतात, ते याचसाठी.

चिपळूणचा_वायरिंगवाला

लातूरकर दादा, तुमच्या अनुभवाला मान आहे, पण या मुद्द्यावर मी ठाम विरोधात आहे, आणि ताईंच्या घरासाठी तर हा मुद्दा सगळ्यात मोठा. वेगळे खड्डे जरूर करा, पण ते जमिनीतून एकमेकांना जोडा. वीज जवळ पडते तेव्हा दोन सुट्या खड्ड्यांच्या व्होल्टेजमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो. सोलरची चौकट एका खड्ड्यावर, रेकॉर्डर दुसऱ्या खड्ड्यावर, मग तो फरक रेकॉर्डरच्या आत भेटतो. सगळं एका अर्थ बारवर (सगळ्या अर्थ वायरी जिथे जोडतात त्या पट्टीवर) आणलं तर पूर्ण घर एकदम वर जातं आणि एकदम खाली येतं, आतल्या उपकरणाला फरक जाणवत नाही. विजेपासून संरक्षणाच्या आयईसी ६२३०५ या मानकाचा गाभाच हा आहे.

ताई, आता तुमचा खड्डा. मीठ-कोळशाचा खड्डा कोकणात टिकत नाही. आपल्या पावसात मीठ धुऊन जातं आणि जाता जाता पाइप खाऊन जातं. जांभा वरून कोरडा पडला की त्यातून वीज जमिनीत जायला फार अडते. मशीनने भोक पाडून ३ मीटरची तांब्याचा थर असलेली सळई घाला, भोवती मीठ नाही, बेंटोनाइट भरा, ती माती पाणी धरून ठेवते. एका सळईवर काम होणार नाही. दोन-तीन घाला, दोन सळयांत किमान ६ मीटर अंतर ठेवा, आणि जोत्याच्या कडेने पट्टी फिरवून सगळ्या एकत्र बांधा. बोअरवेलचं लोखंडी केसिंग असेल तर तेही त्यात जोडा.

मोजणी मे महिन्यात करून घ्या. पावसात मोजलेला आकडा कोणालाही खूश करतो. अर्थ टेस्टरने, दोन खुंट्या लांब ठोकून होते ती तीन टोकांची मोजणी मागा. नुसता बल्ब फेज-अर्थमध्ये लावून ‘बघा पेटला’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

सळई घेताना फसवणूक खूप होते. चांगल्या सळईवर तांब्याचा थर २५० मायक्रॉनचा असतो. दुकानातच टोकाला कानस मारून बघा. दोन घासांत लोखंड दिसलं तर तो नुसता मुलामा. सीपीआरआयचा (केंद्र सरकारच्या वीज संशोधन संस्थेचा) चाचणी अहवाल मागा, चांगला पुरवठादार लगेच दाखवतो.

एसपीडीचा माल: डेन, ओबो, फिनिक्स काँटॅक्ट, सिटेल या याच कामातल्या कंपन्या. श्नायडर, एबीबी, लेग्रांड, हॅगर, हॅवेल्स यांचेही चालतात आणि आपल्याकडे सहज मिळतात. नावापेक्षा वाट महत्त्वाची. कंपनीच्या वेबसाइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते, त्यातला रत्नागिरी किंवा कोल्हापूरचा गाठा. मुंबईला जाणं असेल तर लोहार चाळीत सगळं मिळतं, पण तिथेही दुकान यादीतलं आहे का बघूनच जा. पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर मॉडेल नंबर पूर्ण लिहून घ्या. काडतूस बदलता येणारा एसपीडी घ्या आणि तेच सुटं काडतूस नंतर मिळेल का हे आधी विचारा. त्याला ‘मिळेल’ म्हणता आलं नाही तर दुसरं दुकान. वायर आणि एमसीबीवरचा आयएसआय परवाना नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून जागच्या जागी तपासता येतो, तेवढा वेळ काढा.

आणि बसवताना स्वतः उभ्या राहा. मेनपासून एसपीडीपर्यंतची आणि एसपीडीपासून अर्थ बारपर्यंतची वायर, दोन्ही मिळून अर्ध्या मीटरच्या आत हवी. एक मीटर वायरचा इंडक्टन्स साधारण १ मायक्रोहेन्री. प्रवाह मायक्रोसेकंदाला हजार अँपिअरने चढला की त्या एका मीटरवरच हजार व्होल्ट उभे राहतात, आणि ते एसपीडीच्या दीड हजारांत मिळवून तुमच्या टीव्हीपर्यंत पोचतात. डीबीत सुबक गुंडाळी करून ठेवलेली वायर मी कितीतरी घरांत पाहिली आहे. महाग एसपीडी, आणि सगळा फायदा त्या गुंडाळीत गेलेला. म्हणून अर्थ बार डीबीच्या अगदी खाली बसवून घ्या. अर्थची वायर टाइप २ ला ६ चौरस मिमी, टाइप १ ला १६ चौरस मिमी तांबं, त्याहून बारीक नाही.

कातळावरचं_घर

इतकं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. दोनच प्रश्न. टीव्ही मेनपासून घराच्या दुसऱ्या टोकाला आहे, तिथे वेगळं काही लागेल का? आणि सोलरवाला म्हणतोय की इन्व्हर्टरमध्ये एसपीडी आतच असतो, वेगळा नको.

चिपळूणचा_वायरिंगवाला

मेनच्या एसपीडीचा भरवसा वायरीच्या लांबीने साधारण १० मीटरपर्यंत. तुमचा टीव्ही त्याच्या पुढे असेल, तर तिथे टाइप ३ (उपकरणाजवळ लावायचा छोटा एसपीडी) सॉकेटजवळ लावा, किंवा वर सोल्डरवाल्या दादांनी सांगितली तशी चांगली पट्टी. मात्र टाइप ३ एकटा कधीच लावू नये, मागे मेनला एसपीडी असला पाहिजे. कॅमेऱ्यांच्या केबलला गच्चीतून घरात शिरतात तिथेच सिग्नलचे छोटे एसपीडी बसवा आणि त्यांचा अर्थ त्याच बारवर. रेकॉर्डर ते राउटर लॅन वायर काढून तिथे फायबरचे दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्याच्या वायरीतला सिग्नल फायबरवर नेणाऱ्या डब्या) टाकले तर ती साखळीच तुटते, खर्चही फार नाही.

सोलरवाल्याला लेखी विचारा: आतला एसपीडी कोणत्या टाइपचा, डीसी बाजूला आहे की एसी, आणि खराब झाला तर बदलता येतो की पूर्ण इन्व्हर्टर खोलावा लागतो. छतावरून खाली येणारी डीसी केबल हीच सड्यावरच्या घराची सगळ्यात उघडी बाजू असते. डीसीडीबीत (सोलरच्या डीसी बाजूच्या पेटीत) डीसीसाठीच बनवलेला, तुमच्या पॅनेलच्या ओळीच्या कमाल व्होल्टेजला पुरेल असा ६०० किंवा १००० व्होल्टचा एसपीडी हवा. एसीचा तिथे लावू देऊ नका, डीसीचा ठिणगीप्रवाह स्वतःहून विझत नाही, आग लागते. प्लस आणि मायनस केबल एकमेकींना चिकटून खाली आणायला सांगा, मधे मोकळा फेरा ठेवला की तोच विजेचा दाब गोळा करतो.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच, आणि मीटरच्या अलीकडच्या सीलला कोणी हात लावायचा नाही. पाऊस संपल्यावर, आणि प्रत्येक मोठ्या विजेनंतर, एसपीडीची खिडकी बघायची: हिरवी असेल तर ठीक, लाल झाली तर काडतूस बदला. डीबीच्या दारावर आतून तारीख आणि मॉडेल नंबर लिहून ठेवा म्हणजे मागवताना शोधाशोध नको.

अर्थिंग झालं की मोजणीचा आकडा इथे टाका. जास्त आला तर आणखी एक सळई कुठे घालायची ते घराचा नकाशा बघून सांगतो.