बेंबा, चिबेंबा की इचिबेंबा?

पानफूल: शालेय कोशासाठी झांबियावरची नोंद मराठीत आणतेय. मूळ नोंदीत तिथल्या एका भाषेचं नाव 'इचिबेंबा' आहे. मी 'चिबेंबा भाषा' लिहिलं, संपादकांनी नुसतं 'बेंबा' केलं. काय ठेवू?

व्याकरणवेडा: 'चिबेंबा भाषा' नकोच. बांटू या आफ्रिकी कुळातल्या भाषांत नामाचा वर्ग उपसर्गातून कळतो. उमुबेंबा म्हणजे एक माणूस, अबाबेंबा अनेक, लुबेंबा त्यांचा मुलूख, इचिबेंबा त्यांची भाषा. 'इचि'त भाषा आलीच, पुन्हा कशाला? संपादक बरोबर आहेत.

तांबडमाती: झांबियात किट्वेला खाणीत नोकरी केली आहे, म्हणून लिहितो. बोलताना लोक इचिबेंबाच म्हणतात. आणि त्यातला पहिला 'ब' ओठ पुरते न मिटता येतो, आपल्या 'व'जवळचा. 'अबांतु', म्हणजे माणसं, कानाला 'अवांतु' लागतं. मागे 'म' असला की मात्र पक्का 'ब'. माझ्या मते 'इचिवेंबा' लिहावं.

व्याकरणवेडा: साफ अमान्य. ते स्वतः लिपीत 'ब' लिहितात. रूढ लेखन मोडून कोशात कान लावत बसलो तर मुलांना नकाशात काहीच सापडणार नाही.

पानफूल: बरं, मग 'बेंबा लोकांची भाषा' चालेल?

तांबडमाती: अपुरं आहे. 'बेंबाभाषक' हवं. मूळ बेंबा उत्तरेचे, कासामाच्या बाजूचे, चितिमुकुलु हा त्यांचा सर्वोच्च राजा. पण तांब्याच्या खाणी निघाल्यावर नाना जमातींचे मजूर किट्वे, एन्डोला, मुफुलिराला आले आणि बेंबा सगळ्यांची बोली झाली. पहिले राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा १९२४ साली चिन्सालीजवळ जन्मले, बेंबा बोलतच वाढले. वडील मात्र आजच्या मलावीतले. मग काउंडांना बेंबा कसं म्हणणार? नोंदीत हे आलंच पाहिजे. सरकारमान्य सात प्रादेशिक भाषांत बेंबा आहे, राजधानी लुसाकात मात्र न्यांजा जास्त ऐकू येते. आणखी एक: समवयस्काला 'उलिशानि', मोठ्या माणसाला 'मुलिशानि'. आपलं 'कसा आहेस' आणि 'कसे आहात'.

पानफूल: हे घेते. त्यांच्या 'चितेमेने' शेतीला 'राब' लिहिलंय.

वरकस: थांबा! झाडांच्या फांद्या छाटायच्या, ढीग जाळायचे आणि त्या राखेत नाचणी पेरायची, ती चितेमेने ना? ती आमची दळी. जमीन थकली की पुढे सरकायचं. राब म्हणजे कवळं, पाल्याच्या फांद्या, भाजून केलेली रोपांची जागा, वर्षानुवर्षं तीच.

व्याकरणवेडा: 'चितेमेने' 'उकुतेमा', तोडणे, यावरून आलंय. 'दळी'त तोडणं कुठे आहे? 'फिरती शेती' लिहा, सर्वांना कळेल.

वरकस: 'फिरती शेती' हा सरकारी कागदावरचा शब्द. शेत जाळणाऱ्याच्या तोंडी तो कधी ऐकलाय?

तांबडमाती: तिथे पुरुष झाडावर चढून फांद्या तोडतात, खोड उभं ठेवतात. शेताच्या कितीतरी पट रानातून त्या आणतात. दळीत असं होतं?

वरकस: फांद्या तोडून आणणं आमच्याकडे राबासाठीच. पण राबात भाताचं रोप, तिथे नाचणी.

जव्हारकर: आमच्याकडे नाचणीचं रोपही राबातच करतात.