मदत हवी: मार्मोसेटची मादी उड्या मारायची बंद झालीये (नाशिक)

नमस्कार मंडळी, आतेभाऊ नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि त्याची मार्मोसेटची जोडी आमच्याकडे इंदिरानगरला आली. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, ब्राझीलचं खारीएवढं माकड, कानांशी पांढरे झुपके. कागदपत्रांचं आधीच सांगतो म्हणजे धागा तिकडे भरकटायला नको, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद आहे आणि जोडी आमच्याकडे आल्याचंही रीतसर कळवलंय.

तर नर ठणठणीत आहे पण मादी आधी या दांडीवरून त्या दांडीवर धडाधड उड्या मारायची ती आता धरत धरत सरकते, जाळी पकडली तरी हात थरथरतात, परवा तर चक्क घसरून खाली आली. खाते व्यवस्थित, शी नॉर्मल. खाणं म्हणजे केळं, सफरचंद, पपई, आणि सध्या द्राक्षं (मामांची पिंपळगावला बाग आहे त्यामुळे या दिवसांत घरात दुसरं काही दिसतच नाही), संध्याकाळी थोडं उकडलेलं अंडं, मीलवर्म (किड्यांच्या जिवंत अळ्या). ऊन भरपूर, पिंजरा पूर्वेच्या काचेच्या खिडकीला लागूनच आहे. इथल्या डॉक्टरांकडे जास्त करून कुत्री-मांजरं येतात, त्यांनी अशक्तपणा म्हणून मल्टिव्हिटॅमिन सिरप दिलं. आईचं म्हणणं थंडीने आखडलीये. कुणाला अनुभव आहे का?

गोदाकाठ:
थंडी नाही हो, हाडांचं वाटतंय. काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण उन्हातले यूव्हीबी किरण जवळजवळ सगळे काचेतच अडकतात आणि अंगात व्हिटॅमिन डी३ त्यांच्यावरच तयार होतं. ते नसलं की कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर हाडातून ओढून घेतं, त्याने थरथर, पकड ढिली, पुढे साध्या पडण्याने फ्रॅक्चर. सिरपच्या बाटलीवर डी२ लिहिलंय का डी३ ते आधी बघा. दक्षिण अमेरिकेतल्या माकडांना डी२ चा उपयोग फारच कमी होतो. पण म्हणून स्वतःच्या मनाने डी३ चे थेंब पाजू नका, जास्त झालं तर किडनीवर येतं. एक्सरे आणि रक्तातलं कॅल्शियम बघितल्याशिवाय डोस ठरवता येत नाही.

साधा_माणूस:
मुळात जंगलातली माकडं घरात आणायचीच कशाला?

धागाकर्ता:
@साधा_माणूस पटतं, पण आता आलीयेत तर जगवायला पाहिजेत ना. @गोदाकाठ बाटली बघितली, डी२ च आहे!!

रानवाटा:
ताई का दादा माहीत नाही, पण मादी गाभण आहे का ते बघून घ्या. नर-मादी एकत्र आहेत म्हणजे शक्यता आहेच. साधारण पाच महिने, बहुतेक जुळी, आणि बाळंत झाल्यावर दोनेक आठवड्यांत परत गाभण राहू शकते, आईचं कॅल्शियम पिल्लांकडे जातं, त्यामुळे नर धडधाकट आणि मादीच लुळी पडली यात मला नवल वाटत नाही.

खाण्याबद्दल बोलायचं तर फळं फार होतायत. द्राक्षात नि केळ्यात कॅल्शियम नावालाच, साखर मात्र भरपूर. जंगलात ही माकडं खालच्या दातांनी झाडाची साल कुरतडून डिंक खातात, त्यात कॅल्शियम असतं. तुम्हाला रविवार कारंजाला बाभळीचा डिंक सहज मिळेल, कच्चाच घ्या, लाडवासाठी तळतो तसा नको. पाण्यात भिजवून लाकडाला भोकं पाडून त्यात भरा, ती तासभर त्यातच गुंतून राहतात. मीलवर्मना एक-दोन दिवस आधी कॅल्शियम पावडर मिसळलेलं खाद्य घाला, नुसत्या मीलवर्ममध्ये फॉस्फरसच जास्त. आणि दर आठवड्याला किचनच्या काट्यावर वजन करा, एवढ्याशा जिवात वीस-तीस ग्रॅम कमी झाले तरी ती मोठी गोष्ट आहे.

अजून एक, घरात कुणाच्या ओठावर तापाचे फोड आले तर त्या माणसाने पिंजऱ्याच्या आसपासही फिरकायचं नाही. आपल्याला किरकोळ असलेला तो हर्पिस यांचा जीव घेतो.

धागाकर्ता:
दादाच आहे :) नर-मादी कायम एकत्रच असतात. पुण्यात एक्झॉटिक (असे वेगळे, परदेशी प्राणी) बघणाऱ्या डॉक्टरांची शनिवारची वेळ मिळालीये. एकटी मादी नेऊ का? आणि सिन्नर-संगमनेर मार्गे पहाटे निघालो तर थंडी बाधेल का, सध्या पारा १० च्या खाली जातोय.

रानवाटा:
दोघांना एकाच कॅरियरमध्ये न्या, एकटी पडली तर भेदरेल. आत वरची दांडी नको, खाली जाड टॉवेल, म्हणजे पडली तरी लागणार नाही. पहाटे कशाला, ऊन वर आल्यावर निघा, गाडी आधी गरम करून घ्या, एसी बंद. बाटली आणि खाण्याची यादी डॉक्टरांना दाखवायला सोबत ठेवा.

गोदाकाठ:
तोवर पिंजऱ्यातल्या दांड्या खाली घ्या. दुपारी गच्चीत जाळीच्या पिंजऱ्यात थेट उन्हात ठेवा, अर्ध्यावर सावली करून, आणि समोर बसून राहा, घारी असतात आपल्याकडे.