मदत हवी आहे: समुद्रतळाच्या मॉडेलचे पट्टे जुळत नाहीत, परवा प्रदर्शन

तापीकाठ (भुसावळ): मुलीचं मॉडेल आहे, खोक्याला मधोमध फट पाडलीय, तिथून कागद वर येतो आणि कडेच्या फटीतून खाली जातो, सगळं चालतंय पण पट्टे जुळतच नाहीत, बाई म्हणतात जुळलेच पाहिजेत. दोन रात्री गेल्या, पोरगी रडकुंडीला आलीय. आणि तळ सारखा नवीन तयार होतो तर पृथ्वी फुगत का नाही, हे ती विचारते, मला सांगता येईना. लवकर सांगा.

केळीबाग: पट्टे कशाशी जुळायचे? कितवीला आहे? फोटो टाक ना भो.

साक्रीकर: हाताने ओढू नका. कूलरच्या झडपा हलवणारी छोटी मोटर लावा, हळू फिरते. आमच्या पोराचा तालुक्यात दुसरा नंबर आला होता.

तापीकाठ: मोटर नकोय हो. नववीला आहे. मधल्या फटीच्या दोन्ही बाजूंचे पट्टे एकमेकांशी जुळायला हवेत.

जुना मास्तर: कागदाची पट्टी एक की दोन?

तापीकाठ: एकच, लांब. उजवीकडे जाते.

जुना मास्तर: मग जुळणार कशी! दोन घ्या. शेजारी ठेवून दोन्हींवर एकदमच आडवे पट्टे रंगवा, मग रंगीत बाजू एकमेकींकडे करून फटीतून वर काढा, एक डावीकडे एक उजवीकडे ओढा. खऱ्या समुद्रातही तसंच. मधल्या भेगेतून वितळलेल्या खडकाचा रस वर येऊन थिजतो तेव्हा त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकाची दिशा त्यात पक्की होते, ती दिशा मधूनमधून उलटते आणि नवा तळ दोन्हीकडे वाटला जातो, म्हणून पट्टे आरशासारखे दिसतात. व्हाइन आणि मॅथ्यूज या शास्त्रज्ञांनी १९६३ साली हे मांडलं तेव्हा मोजणी कार्ल्सबर्ग या समुद्राखालच्या डोंगररांगेवरचीही होती, म्हणजे आपल्याच अरबी समुद्राच्या बाजूची! मुलीला हे जरूर सांगा.
पृथ्वी फुगत नाही कारण जुना तळ खोल चरांत परत खाली जातो. म्हणून समुद्रात साधारण २० कोटी वर्षांपेक्षा जुना तळ जवळपास मिळतच नाही, जमिनीवर ४०० कोटी वर्षांचे खडक आहेत.

साक्रीकर: मधला रस ढकलतो म्हणून तळ सरकतो, हे पण सांगा.

जुना मास्तर: ढकलण्यापेक्षा ओढ जास्त. दूर जाताना तळ थंड आणि जड होतो, खचतो आणि चरात बुडताना मागच्याला ओढतो; म्हणूनच मधल्या रांगेवर पाणी अडीच किमी तर लांब ५-६ किमी. गोधडीचं टोक खाटेखाली लोंबलं की बाकीची आपसूक घसरते, तसं.

साक्रीकर: मग अटलांटिकच्या कडांना बुडणं फारसं नाहीच, तरी तो वर्षाला २-५ सेमी रुंदावतो. तिथे कोण ओढतं?

जुना मास्तर: मुद्दा बरोबर आहे. रांग उंच असते, तिच्या उतारावरून घसरणं तिथे महत्त्वाचं. पण पॅसिफिकमध्ये ओढच मोठी, वेगही जास्त.

केळीबाग: म्हणजे मुंबई पण खाली जाणार का?

जुना मास्तर: नाही. मुंबई आणि तिच्यासमोरचा तळ पृथ्वीच्या कवचाच्या एकाच तुकड्यावर आहेत. आपल्या आसपासचं बुडणं मकरान (पाकिस्तान-इराणचा किनारा) आणि सुमात्राकडे.

धुळेकर: आमच्याकडे शेतातून काळ्या दगडाच्या सरळ भिंती गेल्यात, बेसाल्टच तो, जमिनीच्या भेगांत थिजलेला. प्रदर्शनात एक तुकडा ठेवा, समुद्राचा तळही बेसाल्टचाच.

तापीकाठ: दोन पट्ट्या केल्या, पट्टे जुळले!! खूप आभार मास्तर. आता डावीकडचा कागद खाली जाताना अडकतोय, पतंगाचा कागद वापरू का?

केळीबाग: नको, फाटेल. फटीच्या काठाला सेलोटेप लाव. आणि फोटो टाक आता तरी.