तीन फिती बऱ्या की एक तारा?

खानापूरकर
खानापूर, हुक्केरी, निपाणी पट्ट्यात फौजेतल्या हवालदाराचा (तीन फिती) नायब सुभेदार (एक तारा) होणार म्हटलं की गावात पेढे, आणि घरात बायको बोटांवर वर्षं मोजते. माझं मत सरळ आहे: नंबर लागला तरी 'अनविलिंग', म्हणजे बढती नको, असं लिहून द्यावं. हवालदाराची नोकरी २४ वर्षं, वाढवून २६. नायब सुभेदाराची २६, वाढवून २८. एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला ४५ ऐवजी ४७ ला सुटणार. बाहेर नोकरी शोधताना ही दोन वर्षं फार जड जातात. एमएसपी, म्हणजे मिलिटरी सर्व्हिस पे, तर दोघांनाही ५,२०० च, तिथं तारा काही वाढवत नाही.

निपाणीचा हिशेबी
एमएसपीचं खरं, पण बेसिक विसरलात की! सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात हवालदार लेव्हल ५ ला, नायब सुभेदार लेव्हल ६ ला. ३८,१०० वर असलेल्या हवालदाराला आधी एक इन्क्रिमेंट, म्हणजे ३९,२००. मग लेव्हल ६ मधला त्याच्या वरचा आकडा, ३९,९००. बेसिकमध्ये १,८०० वाढले, त्यावर डीए वेगळा, आणि पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी असल्यामुळे तिथंही फरक आयुष्यभर.

आणि 'अनविलिंग'वर सही करण्याआधी एमएसीपीचा, म्हणजे बढती न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी मिळणाऱ्या वरच्या पगार-लेव्हलचा, नियम वाचा. एमएसीपी ८, १६, २४ वर्षांना. त्याच्या आधी चालून आलेली बढती नाकारली, तर पुढचं एमएसीपी अडकतं. २२ व्या वर्षी नकार दिलेला माणूस २४ व्या वर्षी लेव्हल ६ ची वाट बघत बसतो आणि हातात काही पडत नाही. घरी जाण्याच्या घाईत हे कुणी सांगत नाही.

कॅम्पाशेजारचा
उलटी बाजूही आहे. एमएसीपीनं लेव्हल ६ आधीच मिळालेली असेल, तर तारा लागल्यावर पगार पुन्हा ठरत नाही. म्हणजे पैसा तोच, डोकेदुखी नवी. प्लाटूनचे तीसेक जवान, त्यांची सुट्टी, कोतमधल्या (शस्त्रागारातल्या) रायफलींची मोजणी, रात्री 'ड्यूटी जेसीओ' म्हणून जबाबदारी (जेसीओ म्हणजे नायब सुभेदारापासूनचे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर), कोर्ट ऑफ इन्क्वायरीत (चौकशी मंडळात) बसणं. एक मॅगझिन कमी भरली तरी पहिला जाब यांना.

पैशापेक्षा जास्त बोचतं ते वेगळंच. काल लंगरात एका ताटाला बसलेला गडी आज 'साहेब' म्हणून सावधान होतो. जेवण जेसीओ मेसमध्ये, क्वार्टर वेगळं. जुन्या गोटातला माणूस सुट्टीचा अर्ज घेऊन आला आणि नाकारावा लागला की दोस्ती तिथंच संपली.

संकेश्वरचा माजी फौजी
तुम्ही सगळे असं बोलताय जणू तारा ताटात वाढून ठेवलाय. जागा मोकळी होते ती वरचा कुणी रिटायर झाला तर. बढतीचा कॅडर कोर्स पास पाहिजे, मॅप रीडिंग पाहिजे, शिक्षणाची अट पुरी पाहिजे, एसीआर (वार्षिक गोपनीय अहवाल) सलग चांगले पाहिजेत, मेडिकल शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. चाळिशीत घात करतं ते हेच शेवटचं: बीपी, वाढलेलं वजन, गुडघा. कॅटेगरी खाली आली की नंबर असूनही माणूस मागे, ज्युनियर पुढे. जुनी रेड इंक एन्ट्रीसुद्धा (शिक्षेची नोंद) अशा वेळी डोकं वर काढते. एवढं पार करून आलेल्यानं नाही म्हणावं? मला नाही पटत.

खानापूरकर
मग ऑनररी (मानद) नायब सुभेदार आहेच की. रिटायर होताना मिळतो, पेन्शन नायब सुभेदाराची.

निपाणीचा हिशेबी
मिळतो, पण सगळ्यांना नाही, आणि नकार दिलेल्यानं त्यावर हिशेब मांडावा असा तो हक्क नाही. शिवाय त्यानं सर्व्हिस वाढत नाही.

कॅम्पाशेजारचा
सर्व्हिस वाढू नये म्हणूनच तर नकार देतात, काका! लवकर सुटून बेळगावात राज्य सरकारच्या नोकरीला लागायचं, तर कन्नड लिहिता-वाचता आलं पाहिजे. आपल्या मराठी शाळेतल्या पोरांची गाडी तिथं अडते. केंद्राच्या नोकऱ्यांत माजी सैनिकाच्या वयातून नोकरीची वर्षं वजा करून वर ३ वर्षांची सूट मिळते, त्यामुळे ४५ की ४७ यानं तिथं फार बिघडत नाही.

खानापूरकर
वयाचा माझा मुद्दा मग केंद्रापुरता मागे. पण बारावीचं पोरगं आणि घरच्यांना नेता येत नाही अशा फिल्डातला बाप, हे तुमच्या तक्त्यात कुठल्या लेव्हलला बसतं ते सांगा.