भूमिगत कोळसा खाणीतील वायूची पाहणी सेन्सरवर सोपवावी का?

अंबडचा उपकरणवाला (धागाकर्ता)

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वायुमापक यंत्रांची दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन हा माझा अकरा वर्षांचा व्यवसाय आहे. विदर्भातील भूमिगत खाणींची मिथेनमापके माझ्या टेबलावर नेहमी येतात, त्यामुळे खाणीत न राबताही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो. माझे मत असे आहे की, ज्या खाणीत मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन अखंड मोजणारी यंत्रणा बसलेली आहे, तिथे मायनिंग सरदाराने, म्हणजे पाळीत सुरक्षेची पाहणी करणाऱ्या प्रमाणित कर्मचाऱ्याने, पाळीपूर्वी आणि पाळीत फिरून वायू तपासण्याची सक्ती काढून टाकावी.

मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की ठिणगीची वाट पाहत असतो. म्हणूनच २०१७ च्या कोळसा खाण विनियमांनी रिटर्न हवेत, म्हणजे वापरून बाहेर जाणाऱ्या हवेत, ०.७५ टक्के आणि खाणीत अन्यत्र कुठेही १.२५ टक्के ही मर्यादा घातली आहे. सरदार एका जागी मिनिटभर थांबतो आणि मग काही तासांनी परत येतो, तर सेन्सर तिथून हलत नाही आणि मर्यादा ओलांडताच वीज तोडतो. २८ मे १९६५ रोजी धोरी खाणीच्या स्फोटात २६८ माणसे गेली, तेव्हा अशी साधने नव्हती, आज आहेत. भूमिगत उत्पादन २०३० पर्यंत १० कोटी टनांवर नेण्याचे उद्दिष्ट सरकारने ठेवले असताना आपण अजून माणसाच्या चालीवर विसंबावे, हे मला पटत नाही.

निवृत्त ओव्हरमन, नाशिक रोड

आपल्या यंत्रांविषयी मला आदर आहे. ओव्हरमन म्हणजे सरदारांच्या वरचा देखरेख अधिकारी; माझ्या त्या सेवेची शेवटची वर्षे यंत्रांसोबतच गेली. परंतु आपण जी सक्ती काढा म्हणता, तिच्यामुळे मी आज नाशिक रोडला बसून हे लिहू शकतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वर्धा खोऱ्यातील एका खाणीत मी दुसऱ्या पाळीला होतो. ताजी हवा आत नेणारा इनटेक आणि वापरलेली हवा बाहेर नेणारा रिटर्न यांना जोडणाऱ्या रस्त्यावर नेहमी दोन दारे असतात. एक उघडे असताना दुसरे बंद राहिलेच पाहिजे, नाही तर हवा फेसपर्यंत, म्हणजे जिथे कोळसा काढतात तिथपर्यंत, जाण्याचे कष्ट न घेता तिथूनच परत फिरते. त्या दिवशी लांब पाइप नेणाऱ्या टोळीने दोन्ही दारांना लाकडी ओंडके लावले आणि ते तसेच विसरून गेली. मेन फॅन व्यवस्थित चालू होता. रिटर्नमधला सेन्सर एरवी ०.४ दाखवायचा, तो ०.२ दाखवू लागला, आणि वर कंट्रोल रूममध्ये सगळे निर्धास्त झाले, कारण आकडा चांगला झाला होता. तो चांगला का झाला? दारांतून थेट आलेली ताजी हवा त्याच्यावर आदळत होती म्हणून. फेसवर मात्र ब्रॅटिसचे, म्हणजे हवा वळवण्यासाठी टांगलेले, कापड, जे एरवी शिडासारखे फुगलेले असते, ते ओल्या धोतरासारखे लोंबत होते. माझ्यासोबतच्या सरदाराने हवा वाहते का हे पाहायला चिमूटभर भुकटी हातातून सोडली, ती सरळ पायाशी पडली. त्याने मिथेनोमीटर छडीला बांधून छताला लावला तेव्हा १.८ आला; छातीच्या उंचीवर तोच ०.६ होता. आम्ही माणसे बाहेर काढली आणि दारांपाशी गेलो.

मिथेन हवेपेक्षा हलका असतो आणि हवेचा वेग मंद पडला की तो छताला थर धरून राहतो. सेन्सर ज्या खिळ्याला टांगलेला असतो, तिथल्या हवेबद्दल तो खरे बोलतो. खिळ्यापासून चाळीस मीटरवर काय आहे, हे त्याला कसे कळणार?

अंबडचा उपकरणवाला

ओव्हरमन साहेब, प्रसंग वाचून अंगावर काटा आला, पण त्यातून निष्कर्ष माझ्याच बाजूने निघतो असे मला वाटते. त्या दारांवर साधा संपर्क-स्विच आणि फेसच्या रस्त्यावर हवेचा वेग मोजणारे यंत्र असते, तर दुसऱ्या मिनिटाला भोंगा वाजला असता. तिथे सेन्सर चुकला नाही, सेन्सर कमी पडले.

शिवाय प्रत्येक सरदार आपल्या सोबत्यासारखा नसतो. एकदा एका खाणीने यंत्रासोबत पाहणीच्या नोंदवहीच्या छायाप्रती पाठवल्या होत्या. सलग तीन आठवडे, तिन्ही पाळ्यांत, सर्व जागी ०.२, तोही एकाच पेनाने लिहिलेला. ही पाहणी खाणीत झाली की चहाच्या टपरीवर, हे आपणच सांगा.

एकलहऱ्याचा जुना राखवाला

मी एकलहरे औष्णिक केंद्रात कोळसा हाताळणी विभागात होतो. विदर्भातून वाघिणींनी आलेला कोळसा आमच्या आवारात पडे आणि उन्हाळ्यात कधी कधी आपोआप धुमसू लागे. त्यामुळे आपण दोघेही फक्त मिथेनवर बोलत आहात, हे मला खटकते. कोळशाला ऑक्सिजन मिळाला की तो हळूहळू तापतो. भरपूर वारा असला तर ती उष्णता निघून जाते, अजिबात नसला तर तापणे थांबते, आणि थोडीशी हवा झिरपत राहिली की आत भट्टी तयार होते. आमच्याकडे बुलडोझरने ढीग दाबून घेत असत तो याचसाठी. खाणीत आधाराला ठेवलेले कोळशाचे खांब (पिलर) काढून छत पाडलेल्या पोकळीची, म्हणजे गोफचीही, हीच गत असते, फक्त तिथे बुलडोझर जाऊ शकत नाही.

म्हणून “हवा वाढवा” हे उत्तर नेहमी बरोबर नसते. हवा १० टक्के वाढवायची तर पंख्याचा दाब सुमारे २१ टक्के आणि वीज सुमारे ३३ टक्के जास्त लागते. आणि तो वाढलेला दाब गोफच्या तोंडावरच्या स्टॉपिंगवरही, म्हणजे ते बंद करणाऱ्या भिंतीवरही, पडतो, तिथल्या भेगांतून आत हवा ढकलतो. मिथेन विरळ करायला जावे आणि आगीला फुंकर घालून यावे, असे होते. १९९४ च्या जानेवारीत राणीगंज भागातील न्यू केंदा खाणीत ५५ माणसे गेली ती आगीमुळे, आणि अशा आगीत जीव घेणारा वायू कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास.

या एका बाबतीत मी अंबडकरांच्या बाजूने आहे. तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड आणि खर्च झालेला ऑक्सिजन यांचे शेकडा प्रमाण, ज्याला ग्रॅहॅमचे गुणोत्तर म्हणतात, ते ताजी हवा मिसळली तरी फारसे बदलत नाही, कारण दोन्ही सारखेच विरळ होतात. ते साधारण अर्ध्यावरून एककडे सरकू लागले की आत काहीतरी तापते आहे असे समजावे. हे सरकणे आठवडाभर शांतपणे चालते. कोणत्याही सरदाराच्या नाकाला ते कळणार नाही. अखंड नोंद लागतेच.

निफाडचा कांदेवाला

माझा मुलगा खाण अभियांत्रिकी शिकतो, म्हणून हा धागा वाचतो आहे. आमच्या कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या जागेत, खालून वारा खेळावा लागतो. एखाद्या वर्षी फटी बुजतात, बाहेरचा थर कोरडा खणखणीत दिसतो, आणि हात कोपरापर्यंत आत घातला की कढत लागतो. राखवाले काका म्हणतात ते त्यामुळे लगेच कळले.

पण मुलाने मला न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीचे सांगितले. १९ नोव्हेंबर २०१० रोजी तिथे २९ माणसे गेली. चौकशी आयोगाला आढळले की, स्फोटापूर्वीच्या ४८ दिवसांत मिथेन स्फोटक प्रमाणात पोहोचल्याच्या २१ नोंदी कागदावर होत्या. नोंदी होत्या आणि काम चालूच होते. तेव्हा मोजणारा कोण यापेक्षा काम थांबवणारा कोण, हे मला विचारावेसे वाटते.

निवृत्त ओव्हरमन, नाशिक रोड

निफाडकरांनी नेमके बोट ठेवले. सरदाराला माणसे मागे घेण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे आणि तो वापरताना त्याला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. निदान लागू नये. सेन्सरने वीज तोडली की दहा मिनिटांत फोन येतो, “उत्पादन थांबले, बघा काय झाले.” मग कोणीतरी सेन्सरला पॉलिथिनची पिशवी बांधतो. मी स्वतःच्या हाताने अशा पिशव्या सोडल्या आहेत.

टपरीवर लिहिलेल्या ०.२ विषयी मी वाद घालणार नाही. ते आमच्यातल्यांचे पाप आहे.

अंबडचा उपकरणवाला

पिशवीचे वाचून मी काल दुरुस्तीला आलेली यंत्रे पुन्हा काढून पाहिली. दोघांच्या जाळीभोवती चिकटपट्टीचा डिंक अजून बोटाला लागतो; आजवर मी तो खाणीतला मळ समजून पुसून टाकत होतो. आणखी एक गोष्ट मी पहिल्या टिपणात सांगायला हवी होती. तापलेल्या मण्यावर मिथेन जाळून मोजणाऱ्या सेन्सरला त्यासाठी ऑक्सिजन लागतो. बंद स्टॉपिंगच्या मागे ऑक्सिजन फार घटला की तो मिथेन कमी दाखवतो, आणि नेमका तिथेच मिथेन साचलेला असतो. अवरक्त किरणांवर चालणाऱ्या सेन्सरला ही अडचण येत नाही, पण तो महाग पडतो.

तेव्हा माझी मागणी मी बदलतो. सरदाराची फेरी राहू द्यावी, पण त्याच्या हातची नोंदवही काढून घ्यावी. त्याने सोबत यंत्र न्यावे, ठरलेल्या प्रत्येक जागी ते लावल्याशिवाय नोंद होऊ नये, आणि ती नोंद वेळेसह थेट वर जावी. म्हणजे टपरीही राहणार नाही आणि खिळाही राहणार नाही.

निवृत्त ओव्हरमन, नाशिक रोड

हे मला मान्य होण्यासारखे आहे. फक्त एक सांगा. आमच्या गॅलऱ्या, म्हणजे खाणीतले रस्ते, तीन मीटरपर्यंत उंच असत. हे यंत्र सरदाराच्या कमरेला लटकणार की छडीच्या टोकाला, आणि छडी असेल तर ती किती लांब देणार? फूटभर कमी दिलीत तर नोंद वेळेवर होईल, खरीही असेल, आणि छताचा थर तसाच राहील.