कडकनाथाची पिल्ले पांढरी निघाली : मदत हवी आहे

माळरान :
झाबुआहून आणलेल्या कडकनाथ (पिसे आणि कातडीही काळी असणारी जात) कोंबड्यांची 18 अंडी खुडूक कोंबड्यांखाली बसवली होती. 14 पिल्ले निघाली, पण त्यांत एकही काळे नाही. सगळी पिवळट पांढरी असून काहींच्या अंगावर काळे ठिपके आहेत. कोंबड्या अस्सल नव्हत्या का? परवा पुढची अंडी बसवायची असल्याने कृपया लवकर सांगावे.

शेवरी :
कोंबडा कोणता होता, हे आपण लिहिलेले नाही.

गोठण :
खाद्यात खनिजमिश्रण वाढवावे. माझ्याकडच्या कोंबड्यांच्या पिसांना त्याने चांगली तकाकी आली.

शेवरी :
प्रश्न तकाकीचा नाही. पिल्लू अंड्यात असतानाच त्याच्या रंगाची जनुके ठरलेली असतात. खाद्याने ती बदलत नाहीत.

माळरान :
कोंबडा पांढरा आहे, पाय पिवळे आहेत आणि तो लेगहॉर्न (अंड्यांसाठी पाळली जाणारी विदेशी जात) म्हणून घेतला होता. पण कोंबड्या काळ्या असताना त्याने काय बिघडते?

शेवरी :
सगळे उत्तर त्यातच आहे. लेगहॉर्नचा पांढरा रंग प्रभावी असतो, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडून आला तरी दिसतो : पीमेल17 या जनुकाचे बदललेले रूप पिसांत काळे रंगद्रव्य बनू देत नाही, आणि त्याची एकच प्रत आली की अडवणूक थोडी अपुरी राहून तुम्ही पाहिलेले काळे ठिपके उमटतात. कोंबड्यांवर संशय घेण्याचे काही कारण दिसत नाही.

तांबट :
हे सरसकट म्हणू नये. माझ्या पांढऱ्या कोंबड्यापासून काळ्या कोंबड्यांची सगळी पिल्ले काळी निघाली, कारण त्याचा पांढरा अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा होता. लेगहॉर्न आणि अशा अप्रभावी पांढऱ्याचा संकर केला, तर पहिली पिढी पांढरी येते, पण दुसऱ्या पिढीत सरासरी 16 पैकी 3 पिल्ले रंगीत निघतात.

शेवरी :
मान्य आहे, परंतु इथे चौदाच्या चौदा पिल्ले पांढरी आहेत. अप्रभावी पांढऱ्याने हे होणार नाही.

माळरान :
मग पिल्लांची कातडीही फिकट का आहे? आणि आता काय करावे?

शेवरी :
कातडीतील काळेपणा दाबणारे वेगळे प्रभावी जनुक झेड या लिंग-गुणसूत्रावर (नरात दोन, मादीत एक) असते, आणि ते लेगहॉर्न बापाकडून प्रत्येक पिल्लाला मिळाले. या पिल्लांतील तलंगा (तरुण माद्या) मोठ्या झाल्या की त्यांना शुद्ध कडकनाथ कोंबडा द्यावा. त्यांच्या मादी पिल्लांना झेड फक्त बापाकडून मिळत असल्याने त्यांची कातडी काळी येईल आणि साधारण निम्म्यांची पिसेही काळी असतील. नर पिल्लांना आईचेही झेड मिळत असल्याने त्यांची कातडी फिकटच राहील, आणि पांढऱ्याखाली दडलेले पट्ट्यांचे जनुक कोंबड्यात असेल तर काळ्या पिसांच्या नरांवर पट्टेही उमटू शकतील. परवाच्या अंड्यांबाबत एवढेच, की पांढरा कोंबडा आज वेगळा केला तरी त्याचे बीज कोंबडीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकते, म्हणून ती अंडी बसवू नयेत.