छत्रपती शिवाजी कॉलेज, सातारा : अनुदानित महाविद्यालयाचा इतिहास कसा मांडावा?

प्रश्न – वाईकर
साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजच्या वाढीवर मी एक टिपण लिहीत आहे. इमारती आणि विद्याशाखा यांचे तपशील हाती आहेत. परंतु 1947 साली ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर उभे राहिलेले हे कॉलेज सरकारी अनुदानावर कितपत विसंबून होते, हे मांडता येत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – कृष्णाकाठ
सुरुवात कॉलेजपासून न करता संस्थेपासून करावी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत. त्यांच्या अन्नासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. कॉलेज निघाले तेव्हा हीच रीत पुढे चालली आणि ज्याला फी परवडत नाही त्याने श्रम करून शिकावे, असे ठरले.

त्यानंतर थोड्याच काळात, गांधीजींच्या हत्येनंतर, भाऊरावांनी सरकारवर केलेल्या टीकेमुळे संस्थेचे अनुदान थांबविण्यात आले. त्या कसोटीच्या काळात सामान्य माणसांनी वर्गण्या देऊन संस्था तगवली, गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे संस्थेची बाजू मांडली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. कऱ्हाडला 1954 साली निघालेल्या रयतच्या कॉलेजला गाडगे महाराजांचे नाव आहे, हेही टिपणात यावे. माझ्या मते आपल्या लेखनाचा कणा हाच प्रसंग असावा. इमारतींची यादी त्यामानाने गौण आहे.

उत्तर – निवृत्त प्राध्यापक
वरील विवेचनाला एक जोड देतो. आजच्या अर्थाने अनुदान म्हणजे मुख्यतः मंजूर पदांचे वेतन. इमारती, वसतिगृहे आणि प्रयोगशाळा यांसाठी संस्थेचा निधी, देणग्या आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे साहाय्य यांवरच भिस्त ठेवावी लागते. वेतन शासनाचे असल्यामुळे पदांना मान्यता, कार्यभार (शिकवण्याचे तास) आणि बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची क्रमवार नोंद) यांची तपासणीही शासनाकडून होते. यातून प्राध्यापकाला सेवेचे संरक्षण मिळाले, ही मोठी गोष्ट आहे. मात्र पदभरती रखडली की अध्यापन तासिका तत्त्वावरील, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेणाऱ्या, शिक्षकांवर येते आणि नवे अभ्यासक्रम विनाअनुदानित तत्त्वावर सुरू होऊन त्यांची फी वाढते. गरिबाच्या मुलासाठी निघालेल्या महाविद्यालयांच्या बाबतीत हा बदल मला अतिशय चिंतेचा वाटतो आणि त्याची नोंद आपण स्पष्टपणे करावी, अशी माझी विनंती आहे.

उत्तर – माण खटाव
संलग्नतेचा, म्हणजे कॉलेज कोणत्या विद्यापीठाशी जोडलेले होते याचा, धागा सोडू नका. आरंभी मुंबई विद्यापीठ, 1949 नंतर पुणे, 1962 पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ असा हा प्रवास आहे. 2021 साली यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स यांच्यासह हे कॉलेज कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ या समूह विद्यापीठात (काही महाविद्यालये एकत्र करून बनलेल्या विद्यापीठात) आले. प्रत्येक टप्प्यावर अभ्यासक्रम ठरविण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि वेतनाचा भार कोणी उचलला, हे दोन प्रश्न शेजारी ठेवून पाहिल्यास आपले टिपण नेमके होईल.